रंगीत प्रकाशातला उगवणीचा प्रयोग दर वेळी वेगळाच निकाल का देतो?

तक्रार साधारण दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे, लाल, निळ्या आणि हिरव्या जिलेटिन कागदाखाली मूग भिजवून ठेवले, एक वाटी अंधारात ठेवली आणि चारही वाट्यांत सारखेच मोड आले. मग रंगाचा परिणाम दाखवायचा कसा? दुसरी तक्रार वेगळी. लेट्यूसचं बी घेतलं, पहिल्या खेपेला लाल प्रकाशात छान उगवलं, हिरव्यात जवळपास नाहीच. तोच प्रयोग पुन्हा केला तर अंधारातल्या बियाही उगवून आल्या, आणि त्यापुढच्या खेपेला लाल प्रकाशातसुद्धा काही नाही. एवढं झालं की प्रयोग करणारा "रंगाचा उगवणीशी काही संबंध नसावा" असं लिहून वही मिटतो. मला त्याचंच वाईट वाटतं. संबंध आहे, तो वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत देखण्या शोधांपैकी एक आहे आणि साध्या साहित्यात डोळ्यांनी बघता येतो. फक्त बी ज्या रंगांची दखल घेतं ते आणि आपल्याला दिसणारे रंग एकच नाहीत. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात.

म्हणून दुरुस्तीकडे वळण्याआधी आत काय घडतं ते बघू.

1930 च्या दशकात फ्लिंट आणि मॅकॲलिस्टर यांना लेट्यूसच्या बियांवर काम करताना दिसलं की लाल प्रकाश उगवण वाढवतो, आणि त्याच्या जरा पलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा फार-रेड प्रकाश ती दाबतो. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसच्या वाणावर पुढचं पाऊल टाकलं. ओल्या बियांना एक मिनिट लाल प्रकाश दिला, तर सुमारे 70 टक्के उगवल्या. लालनंतर चार मिनिटं फार-रेड दिला, तर फक्त 6 टक्के. त्यावर पुन्हा लाल दिला, तर पुन्हा 74 टक्के. असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी बियांनी शेवटचा प्रकाश कोणता होता तेवढंच जुमानलं.

हे घडवून आणणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. त्याची दोन रूपं आहेत. एक 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग या आकड्याने ठरतो) आसपासचा लाल प्रकाश शोषतं आणि शोषताच दुसऱ्या रूपात जातं. ते दुसरं 730 च्या आसपासचा फार-रेड शोषतं आणि पुन्हा पहिल्या रूपात परततं. दुसरं रूप कामाचं, कारण त्याच्यामुळे बियात उगवणीला चालना देणारं जिबरेलिन हे संप्रेरक वाढतं, उगवण रोखून धरणारं ॲबसिसिक आम्ल कमी होतं आणि मूलांकुराला, म्हणजे बियातल्या पहिल्या कोवळ्या मुळाला, बाहेर पडायला वाट मिळते. बियाच्या दृष्टीने या सगळ्याला अर्थ आहे. उघड्यावरच्या उन्हात लाल आणि फार-रेड जवळपास बरोबरीने असतात, लाल थोडा अधिकच. पण दाट पानांखाली हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि फार-रेड आरपार जाऊ देतं. तिथे लालचं फार-रेडशी प्रमाण 0.2 च्या आसपासही घसरतं. म्हणजे भरपूर फार-रेड आणि कमी लाल ही बियाला मिळालेली सूचना आहे, की वर दुसऱ्या झाडांची गर्दी आहे, थांब.

एवढं लक्षात असलं की पुढचे बिघाड आपोआप उलगडतात.

आधी बी बघा

मूग, वाटाणा, घेवडा, मका, गहू ही मंडळी प्रकाशाची वाट बघत नाहीत. बी मोठं, साठा भरपूर, जमिनीत खोल पडलं तरी वर येण्याची ताकद आहे. रंगाचा परिणाम दाखवायला हे बी घेणं म्हणजे निकाल आधीच ठरवून टाकणं. सगळ्या वाट्यांत सारखे मोड आले, तर प्रयोग चुकला नाही, प्रश्न चुकीच्या बियाला विचारला गेला.

प्रकाश लागतो तो बहुधा बारीक बियांना. तंबाखू, पिटुनिया, बिगोनिया, सेलेरी, अनेक तणं आणि लेट्यूसचे काही वाण यांत मोडतात. यामागचं कारण साधं आहे. इवल्याशा बियात साठा इतका कमी असतो की चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोलवर उगवलं तर उजेडात पोचेपर्यंत रोप संपून जाईल. मातीत प्रकाश काही मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे प्रकाश जाणवला याचा अर्थ पृष्ठभाग जवळ आहे. याउलट फॅसेलिया, निमोफिला यांसारख्या काही फुलझाडांची उगवण प्रकाशानेच अडते.

लेट्यूस घेतलं तरी काम झालं असं समजू नका. वाणावाणांत फार फरक असतो. कित्येक आधुनिक वाण अंधारातही सर्रास उगवतात. काही बियाणं विकण्याआधीच पाण्यात अर्धवट फुगवून पुन्हा वाळवलेलं असतं, त्यालाही प्रकाशाची गरज फारशी उरत नाही. मातीच्या गोळीत गुंडाळलेलं बियाणं या प्रयोगाला घेऊच नये. शिवाय एकाच वाणाचं ताजं बी प्रकाश मागतं आणि तेच बी बरेच महिने कोरडं ठेवल्यावर अंधारातही उगवायला लागतं. त्यात आई-झाडाचाही हात असतो. 1981 मध्ये क्रेसवेल आणि ग्राइम यांनी दाखवलं की बी पिकत असताना त्याच्याभोवतीचं फळ किंवा आवरण जास्त काळ हिरवं राहिलं, तर त्या बियाला पुढे प्रकाशाची गरज भासते. हिरव्या आवरणातून गाळून आलेल्या फार-रेडने फायटोक्रोम निष्क्रिय रूपात अडकवून ठेवलेलं असतं.

त्यामुळे रंगांचा प्रयोग मांडण्याआधी एक छोटी चाचणी करावी, असा माझा आग्रह असतो. त्याच पाकिटातल्या पन्नास बिया पूर्ण अंधारात आणि पन्नास साध्या पांढऱ्या एलईडीखाली ठेवा, तापमान दोन्हींना सारखं. दोन्हीकडे सारखी उगवण झाली तर ते पाकीट बाजूला ठेवा आणि दुसरं बी शोधा. हे न करता पुढे गेलात तर बाकी कितीही काटेकोरपणा केलात तरी हाती काही लागणार नाही.

जिलेटिन कागद: इथेच सगळ्यांची फसगत होते

निळा जिलेटिन कागद डोळ्यासमोर धरला की जग निळं दिसतं. आपण मान्य करून टाकतो की आता आत फक्त निळा प्रकाश जातोय. पण या कागदांतले रंग 700 नॅनोमीटरच्या पुढे जवळपास पारदर्शक होतात. निळा, हिरवा, लाल, कुठलाही घ्या, फार-रेड त्यातून सरळ आत येतो. आपला डोळा त्या पट्ट्यात जवळपास आंधळा असल्यामुळे आपल्याला कळत नाही. बियाला मात्र नेमका तोच दिसतो.

आता हिरव्या कागदाचं बघा. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या डब्यावर हिरवा कागद लावला की आत हिरवा अधिक फार-रेड जातो आणि लाल अडतो. पानाच्या सावलीतही हेच मिश्रण असतं. बिया उगवत नाहीत आणि वहीत नोंद होते की हिरवा प्रकाश उगवण रोखतो. प्रत्यक्षात रोखलं ते फार-रेडने. तोच हिरवा कागद पांढऱ्या एलईडीखाली वापरला तर चित्र पालटतं. पांढऱ्या एलईडीत फार-रेड अगदी थोडा असतो. आत उरतो जवळपास निव्वळ हिरवा, आणि फायटोक्रोम हिरवाही थोडा शोषतं. बराच वेळ मिळाला तर काही बिया उगवण्याइतकं कामाचं रूप तयार होतं. म्हणजे कागद तोच, बी तेच, फक्त दिवा बदलला आणि निकाल उलटला. "हिरव्याखालचा आकडा दर वेळी वेगळा" या तक्रारीचं कारण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हेच निघतं.

जुना तारेचा, पिवळसर बल्ब वापरत असाल तर गोष्ट आणखी बिघडते. त्याच्या प्रकाशात फार-रेड लालपेक्षा जास्त असतो आणि वर उष्णता. प्रयोगशाळांत तर लाल आणि गडद निळा जिलेटिन कागद एकावर एक ठेवून, असल्याच बल्बखाली मुद्दाम फार-रेड मिळवण्याची जुनी रीत आहे. लाल कागद निळा अडवतो, निळा कागद लाल अडवतो, उरतो तो फार-रेड.

आपल्याकडचा कागद आणि दिवा फार-रेड किती सोडतात हे मोजायला महाग उपकरण लागत नाही. बीच उपकरण म्हणून वापरता येतं. प्रकाश मागणाऱ्या लेट्यूसच्या बिया अंधारात दोन-तीन तास ओल्या ठेवा. मग सगळ्यांना दहा मिनिटं लाल एलईडी द्या. अर्ध्या बिया लगेच फॉइलमध्ये गुंडाळा. उरलेल्या अर्ध्या बिया ज्या कागदाबद्दल शंका आहे त्याच्याखाली, ज्या दिव्याखाली प्रयोग करणार त्याच दिव्याच्या प्रकाशात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग गुंडाळा. तीन दिवसांनी दुसऱ्या गटातली उगवण पहिल्यापेक्षा फारच कमी भरली, तर तुमच्या कागदातून येणारा प्रकाश लालचं काम पुसून टाकतोय. कागदाबद्दलचा वाद तिथेच मिटतो. मात्र लाल दिल्यानंतर दिरंगाई नको. काही तास उलटले की बियातली पुढची प्रक्रिया सुरू होते आणि नंतर दिलेला फार-रेड तिला मागे आणू शकत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे कागद सोडून रंगीत एलईडी घेणं. लाल 660 चा सर्वांत चांगला, पण नेहमीचा 630 चाही चालतो. निळा साधारण 450, हिरवा 525 आणि फार-रेड 730. फार-रेड घेताना तपशील नीट वाचा. 850 किंवा 940 चे इन्फ्रारेड एलईडी सुरक्षा कॅमेऱ्यांत आणि रिमोटमध्ये असतात, त्यांचा फायटोक्रोमवर उपयोग नाही. खरा 730 चा दिवा पेटला की मंद, काळपट लाल दिसतो आणि बंदच पडलाय की काय असं वाटतं. तो तसाच दिसायला हवा.

कोणता रंग किती तेजस्वी आहे हे लक्समीटरने जुळवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, त्यात हिरव्याला झुकतं माप मिळतं आणि फार-रेडला जवळपास शून्य.

निळ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण इथे उत्तर खरंच गुंतागुंतीचं आहे. फायटोक्रोम निळाही शोषतं, त्यामुळे थोडा वेळ दिलेला निळा काही बियांना उगवायला मदत करतो. पण सुप्तावस्थेतल्या (जिवंत असूनही उगवायला तयार नसलेल्या) बार्लीसारख्या तृणधान्यात निळा प्रकाश उगवण रोखतो, आणि ते काम क्रिप्टोक्रोम हे प्रकाश ओळखणारं दुसरंच द्रव्य करतं. लेट्यूसमध्येही तासन्‌तास सतत दिलेला निळा उगवण दाबू शकतो. त्यामुळे निळ्याखाली मधलाच कुठला तरी आकडा आला तर घाबरू नका. तो जसा आहे तसा लिहा, आणि प्रकाश किती वेळ दिला ते सोबत लिहा.

अंधार कितपत अंधार आहे?

अंधारातल्या बिया उगवल्या की संशय बियावर येतो. आधी गुंडाळणीवर घ्यावा. काळी प्लास्टिक पिशवी पुष्कळदा प्रकाश सोडते. ती दिव्यासमोर धरून बघा. ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर आणि वर बंद खोका, एवढं पुरतं.

पण त्याहून मोठी गळती आपल्या हातून होते. कोरडं बी प्रकाशाला फारशी दाद देत नाही, ओलं झालं की काही वेळातच देऊ लागतं. आपण उजेडात पाणी घालतो, बिया नीट पसरतो, मोजतो, लेबल लावतो आणि अर्ध्या तासाने गुंडाळतो. तोवर त्यांना हवा तो प्रकाश मिळून गेलेला असतो. बिया कोरड्याच मांडा, लेबल आधी लावा, पाणी शेवटी घाला आणि त्या क्षणी गुंडाळा. खोली अंधारी करून घातलंत तर उत्तम.

दुसरं म्हणजे डोकावणं. रोज फॉइल उघडून "आलं का?" बघितलं की ती थाळी अंधारातली राहिली नाही. हिरवा मंद दिवा सुरक्षित असतो असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते अर्धसत्य आहे. काही बिया, विशेषतः बराच वेळ अंधारात ओल्या राहिलेल्या, अत्यंत क्षीण प्रकाशालाही उगवतात, मग त्याचा रंग कुठला का असेना. या अतिसंवेदी प्रतिसादात फार-रेडसुद्धा उगवणीला चालना देऊ शकतो, आणि मग सगळा हिशोब उलटा लागतो. उपाय एकच: जितके दिवस मोजायचं तितक्या वेगळ्या थाळ्या ठेवा आणि प्रत्येक थाळी एकदाच उघडा.

हे किती गंभीरपणे घ्यायचं ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. विल्यम जेम्स बील यांनी 1879 मध्ये मिशिगनमध्ये बिया भरलेल्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या, ठरावीक वर्षांनी एकेक काढून बी किती काळ जिवंत राहतं ते बघण्यासाठी. 2021 मध्ये त्यातली एक बाटली काढली ती रात्रीच्या अंधारात, कारण शतकाहून अधिक काळ मातीत असलेल्या बियांवर वेळेआधी उजेड पडायला नको होता.

तापमान

एकदा जमलं आणि पुन्हा नाही, असं होत असेल तर थर्मामीटर काढा. प्रकाश मागणारं लेट्यूससुद्धा 15 ते 18 अंश सेल्सिअसला अंधारात बऱ्यापैकी उगवून येतं. 25 च्या आसपास प्रकाशाची गरज ठळक दिसते. 30 च्या वर गेलं की पुष्कळ वाण भर उजेडातही उगवत नाहीत. म्हणजे थंडीत अंधारातल्या बिया उगवतात, उन्हाळ्यात लालखालच्याही उगवत नाहीत, आणि दोन्हींचा रंगाशी संबंध नसतो. प्रयोग 22 ते 25 अंशांत बसवा.

सगळ्या थाळ्यांचं तापमान एकच असायला हवं. खिडकीतल्या उन्हात वेगवेगळ्या रंगांचे झाकलेले डबे वेगवेगळे तापतात. एकाच खोलीत आहेत म्हणजे सारखे, असं धरू नका. प्रत्येकात थर्मामीटर ठेवून बघा. यावरही साधा तोडगा आहे. लेट्यूसला दिवसभर रंगीत प्रकाश द्यावाच लागत नाही. दहा मिनिटं पुरतात. प्रकाश देऊन झाला की सगळ्या थाळ्या गुंडाळून एकाच खोक्यात, एकाच जागी ठेवा. तापमानाचा फरक मुळातूनच जातो.

मोजताय काय?

अंधारातली रोपं सर्वांत उंच झाली, म्हणून अंधारात सर्वांत चांगली उगवण झाली, असं मी पुष्कळ वह्यांत वाचलंय. अंधारात रोप लांब, फिकट आणि लुळं होतं, कारण ते उजेड शोधत वर धावतं. तो वाढीचा प्रश्न झाला. उगवण म्हणजे बीजावरण फोडून मूलांकुर बाहेर येणं. लेट्यूसचं बी जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं असतं. त्या निमुळत्या टोकातून आधी एक पांढरा ठिपका डोकावतो, मग तो लांबून वाकतो. दोन मिलिमीटर दिसला की उगवलं असं धरा, आणि हा नियम सगळ्या थाळ्यांना सारखा लावा. उंची मोजायचीच असेल तर वेगळ्या रकान्यात.

प्रत्येक रंगासाठी दहा बिया पुरत नाहीत. पंचवीस बियांच्या चार थाळ्या, म्हणजे रंगामागे शंभर, हे प्रमाण घ्या. चार थाळ्यांचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर रंगाबद्दल बोलण्याआधी पाणी आणि बुरशी तपासा. गाळणकागद ओलसर हवा, पण थाळी तिरकी केल्यावर पाणी वाहायला नको. पाण्यात बुडालेल्या बियाला प्राणवायू मिळत नाही आणि ते कुठल्याच रंगात उगवत नाही.

ट्रेमध्ये पेरलेलं बारीक बी

प्रयोग नव्हे, नुसती रोपं हवी आहेत आणि पिटुनिया किंवा बिगोनिया उगवत नाही, अशांसाठीही मुद्दा तोच आहे. बी मातीने झाकू नका. ओल्या माध्यमावर भुरभुरा, बोटाने किंवा फळीने हलकेच दाबा म्हणजे ते मातीला चिकटेल, आणि पाणी वरून न ओतता खालून शोषू द्या. ट्रे मोठ्या झाडांच्या सावलीत ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. तिथे उजेड दिसतो, पण पानांतून गाळून आलेला असतो. थेट ऊन सोसवत नसेल तर पांढरा कपडा लावा, तो रंगांचं प्रमाण फारसं बदलत नाही. नाहीतर साधा पांढरा एलईडी पुरतो.

सगळं बरोबर करूनही शून्य आलं तर

तेव्हा बी जिवंत आहे का, एवढंच तपासायचं राहतं. जिबरेलिक आम्ल (जीए3) लिटरला 200 ते 500 मिलिग्रॅम या प्रमाणात घ्या. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळा. त्या पाण्यात भिजवलेल्या बिया अंधारात, 22 अंशांच्या आसपास ठेवा. लेट्यूसमध्ये हे आम्ल प्रकाशाची जागा भरून काढतं. अंधारातही बिया उगवल्या तर बी निरोगी आहे आणि बिघाड तुमच्या दिव्यात, कागदात किंवा वेळेत आहे. तिथून पुन्हा तपासायला लागा. जिबरेलिक आम्ल मिळत नसेल तर 0.2 टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे लिटरला 2 ग्रॅम, वापरून बघा. बीजपरीक्षण प्रयोगशाळांत सुप्तावस्था मोडायला ते नेहमी वापरतात, पण एकट्याने ते अंधारातल्या प्रत्येक बियाला जागं करेलच असं नाही, म्हणून ती थाळी पांढऱ्या प्रकाशात ठेवा. यातल्या कशानेच एकही मूलांकुर दिसला नाही, उलट बिया दाबल्यावर मऊ लागल्या आणि आतून करडट पाणी आलं, तर ते पाकीट टाकून द्या आणि नव्या बियाची अंधार-उजेडाची छोटी चाचणी लावा.